सुपातले एकेचाळीस फोन

राज्याची तिजोरी रिकामी झाली, असं त्या वर्षी सगळीकडे सांगत होते. मला पहिल्यापासून त्यात काहीतरी काळंबेरं वाटत होतं. तिजोरी भरलेली होती तेव्हा कुणी मोरखोलला येऊन सांगितलं नव्हतं, की बायांनो, भरली आहे, या. रिकामी झाली तेव्हा मात्र घरोघर निरोप आला.

निरोप कागदावर आला. लाँचचा चालक धोंडिबा शेलार मंगळवारी तो घेऊन आला. आमचं गाव धरणाच्या पाण्याच्या पलीकडच्या अंगाला. मागे डोंगर, पुढे पाणी. तालुक्याला जायचं तर लाँचने सव्वा तास. डोंगरातून जायचं तर पूर्ण दिवस, तोही पाय धड असतील तर. माझी धाकटी जाऊ सुंद्रा हिची मूत्रपिंडं चार वर्षांपूर्वी गेली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिला लाँचने सरकारी दवाखान्यात नेते. तिथे चार तास मशीनवर तिचं रक्त शुद्ध होतं. सुंद्रा त्याला धुणं म्हणते. "चला आक्का, धुण्याचा वार," असं म्हणून पिशवी उचलते.

त्या दिवशी परत येताना धोंडिबाने इंजिन बंद करून लाँच धक्क्याला लावली आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

"वैनी, वाचा. सही घेतलीया माज्याकडनं, पर काय लिवलंय ते सांगितलं न्हाई."

मी पन्नाशीत अक्षरं शिकले. अंगणवाडीच्या बाईंनी मला पोरांच्या मागच्या रांगेत बसवलं होतं. अजूनही वाचताना ओठ हलतात. मी धक्क्यावर उभी राहून वाचलं.

राज्याचा खर्च उत्पन्नाच्या पलीकडे गेल्यामुळे चार हजार सेवा बंद करायच्या होत्या. कोणत्या बंद करायच्या, हे सरकारने ठरवलं नव्हतं, लोकांनीच ठरवलं होतं, असं त्यात लिहिलं होतं. मोरखोलची लाँच सेवा येत्या महिनाअखेर बंद. रहिवाशांची सहमती: एकेचाळीसपैकी एकेचाळीस.

"कुणाची सहमती?" सुंद्रा म्हणाली.

"सगळ्यांची. तुझीबी."

"माजी?" ती हसली. तिच्या हातावर अजून सुईची पट्टी होती. "मी कवा म्हटलं, माजं धुणं बंद करा?"

मोरखोलमध्ये एकेचाळीस माणसं राहतात. तरुण सगळी बाहेर. उरलेल्या म्हाताऱ्यांचं होळी कुठल्या माळावर पेटवायची यावरसुद्धा तीस वर्षांत एकमत झालेलं नाही. दोन होळ्या पेटतात. अशा गावात एकेचाळीसच्या एकेचाळीस जण हो म्हणतील, यावर माझा विश्वास बसणं शक्य नव्हतं. कुणीतरी आम्हाला विकलं होतं.

आणि कुणी विकलं, ते मला त्याच क्षणी ठाऊक झालं होतं. निदान मला तसं वाटलं.

*

बजाबा सपकाळ आमचा जुना सरपंच. त्याचा मुलगा तालुक्याला बांधकामाची कामं घेतो. धरणकाठच्या लोकांना हलवण्यासाठी सरकार तालुक्याला खोल्या बांधत होतं. एका घराला एक खोली, वर पत्रा, समोर दवाखाना. त्यातल्या दोन इमारती बजाबाच्या मुलाने बांधल्या होत्या. लाँच बंद झाली तर आम्ही जाणार कुठे? त्याच खोल्यांत. एवढा हिशेब करायला शाळा लागत नाही.

बुधवारी सकाळी धक्क्यावर सगळे जमले. मी सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"बजाबा, किती घेतलंस?"

"काय?"

"आमच्या सह्या किती रुपयाला इकल्यास?"

बजाबाने टोपी काढली, झटकली, परत घातली. तो भांडायच्या आधी नेहमी असं करतो.

"वैनी, माझी बी सहमती लिवलीया त्यात. मी माजी सही मलाच इकली का?"

"तुला काय, तुझा पोरगा—"

"पोरगा मला वरसातनं दोनदा फोन करतो, त्यात एकदा चुकून लागतो. आन् माजा फोन तर तुज्याच सुपात असतो शनवारी. मी काय बोलायचं, कुणाला बोलायचं?"

लोक हसले. मी म्हणाले, "विषय बदलू नगंस." विषय त्याने बदललेला नव्हता, पण ते मला तेव्हा कळलं नाही.

सुपाचं सांगायला हवं.

तीन वर्षांपूर्वी सरकारने शनिवारचा फोन सुरू केला. प्रत्येक नागरिकाला दर शनिवारी दुपारी एक फोन येई. एका बाईचा आवाज, गोड, यंत्राचा. सहा प्रश्न विचारी. पाणी मिळतं का, रस्ता कसा आहे, दवाखान्यात गेलात का, अमुक नसलं तर तुमचं चालेल का. शेवटी पडद्यावर सहा आकडे येत, ते वाचून दाखवावे लागत. फोन तीनदा चुकला तर रेशनचा निरोप थांबे.

आणि मोरखोलमध्ये फोनला रेंज एकाच ठिकाणी येते, माझ्या ओसरीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात. त्यात आकडे वाचता येणारी, कानाने धड आणि दुपारी रिकामी अशी मी एकटी. म्हणून शनिवारी सकाळी सगळी माणसं आपापले फोन माझ्या ओसरीवर आणून सुपात ठेवत. प्रत्येकाच्या पाठीवर ओळखीसाठी काहीतरी चिकटवलेलं. बजाबाच्या फोनला विडीच्या बंडलाचा कागद, सुंद्राच्या फोनला टिकली. दुपारी सूप वाजायला लागे. मी एकेक उचले, उत्तरं देई, आकडे वाचे, खाली ठेवे. पावणेपाचपर्यंत काम उरके. याबद्दल मला कुणी अंडी देई, कुणी नाचणीचं पीठ.

यात काही चुकतं आहे, असं एकालाही कधी वाटलं नाही. निरोप्याचं कामच होतं ते.

*

कागदावर खाली लिहिलं होतं, की पंधरा दिवसांच्या आत हरकत घेता येईल. दिलेल्या क्रमांकावर रहिवाशाने स्वतः बोलावं. शेवटचा दिवस म्हणजे पुढल्या आठवड्यातला शनिवार. त्या दिवशी नेहमीच्या फोनवर हाच प्रश्न विचारला जाईल. एक तृतीयांश लोकांनी हरकत घेतली, तर माणसं समोरासमोर बसून सुनावणी होईपर्यंत लाँच चालू राहील. म्हणजे चौदा जण हवे होते.

गुरुवारी मी सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. म्हटलं, ज्याने त्याने आपल्या तोंडाने सांगा, म्हणजे कुणाला मधे काही करता येणार नाही.

पहिला बजाबा बसला. फोन कानाला लावून ओरडला, "मी बजाबा भिवा सपकाळ. लाँच बंद करायची न्हाई!"

फोनमधली बाई म्हणाली, "आपला आवाज जुळत नाही. कृपया नोंदणी झालेल्या व्यक्तीला फोन द्या."

"आगं मीच त्यो!"

"आपला आवाज जुळत नाही."

मग धोंडिबा. मग पारूबाई, मग तिचा दीर. तासाभरात सदतीस माणसं बसून उठली. प्रत्येकाला तेच उत्तर. पारूबाई तर रडायला लागली. "माज्याच फोनात मी न्हाई म्हंत्यात!"

सुंद्राही बसली. तिचाही आवाज जुळला नाही. तिने फोन माझ्याकडे केला. "तू बोल बघू."

मी फोन कानाला लावला आणि नुसतं "हं, बोला," म्हणाले.

"नमस्कार, सुंदराबाई," फोन म्हणाला. "आपला आवाज जुळला. काय मदत करू?"

मी फोन सुपात ठेवला. मग बजाबा हळूच म्हणाला, "आता कुणाचा संशय घेणार, वैनी?"

*

सोमवारी लाँचमधून एक बाई उतरल्या. शर्वरी कुलथे. पस्तिशीच्या, पायात बूट, पाठीला पिशवी. त्या शनिवारच्या फोनच्या कार्यालयात काम करत होत्या. फोनच्या एकाच मनोऱ्याखालून तासात अडतीस आवाज नापास झाले, म्हणून त्या बघायला आल्या होत्या.

त्यांनी चहा घेतला. ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवलेलं सूप बघितलं. शनिवार नव्हता, पण दोन-तीन फोन राहिले होते. पाठीवरचा विडीचा कागद बघितला, टिकली बघितली आणि कप खाली ठेवला.

"आजी," त्या म्हणाल्या, "सगळे फोन तुम्हीच घेता?"

"मीच."

"तीन वर्षं?"

"एकबी शनवार चुकला न्हाई."

त्यांनी डोळे मिटून कपाळ चोळलं. मग मला समजावून सांगितलं. चांगलं सांगितलं, खोटं कशाला बोलू.

शनिवारच्या फोनला आमच्या उत्तरांशी फारसं देणंघेणं नव्हतं. उत्तर देणाऱ्याची तऱ्हा त्याला शिकायची होती. माणूस कुठे थांबतो, कशावर आवाज चढतो, काय नसलं तरी चालेल म्हणतो आणि काय नसलं तर गप्प होतो. असे दीडशे शनिवार झाले, की यंत्रात त्या माणसाचं एक प्रतिरूप तयार होतं. मग न विचारलेला प्रश्नही त्या प्रतिरूपाला विचारता येतो आणि ते त्या माणसासारखं उत्तर देतं. सुंद्राला न विचारता मी सांगू शकते, की तिला आज भाकरी नको, भात हवा. तसंच.

राज्यावर पैशांचं संकट आलं तेव्हा चार हजार सेवांवर लोकांना विचारायला आठ महिने लागले असते आणि खर्च वेगळा. प्रतिरूपांना एका दुपारी विचारून झालं. जिथे सहमती जास्त, तिथे कात्री आधी.

"मग एकाच बाईचा आवाज एकेचाळीस फोनांत हाय, हे यंत्राला कळलं न्हाई?"

"कळू शकलं असतं. पण एका फोनमधला आवाज दुसऱ्याशी ताडून बघायला कायद्याने बंदी आहे. लोकांवर पाळत ठेवली जाऊ नये म्हणून." त्यांनी सुपाकडे बोट केलं. "त्यामुळे यंत्राच्या लेखी मोरखोलमध्ये एकेचाळीस वेगवेगळी माणसं आहेत. आणि ती सगळी तुम्ही आहात."

"पर मी तर लाँच बंद करा असं कवाच म्हटलं न्हाई."

त्यांनी पिशवीतून पाटीएवढा सपाट पडदा काढला आणि मला माझाच आवाज ऐकवला. वेगवेगळ्या शनिवारचा.

काही अडचण? — न्हाई बाई, सगळं बरं हाय.
दवाखाना लांब पडतो का? — छे. आमाला सवय हाय.
लाँच आठवडाभर नसली तर? — चालत जातो आमी डोंगरातनं. काय हुतंय?

ऐकताना माझे कान तापले. कारण ते मीच म्हटलं होतं आणि मुद्दाम म्हटलं होतं.

माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली तेव्हा धरण आलं. मोजणीचा साहेब दारात बसून विचारत होता, काय काय अडचण आहे इथे? सासऱ्यांना वाटलं, सांगितलं तर काही मिळेल. त्यांनी सांगितलं, रस्ता नाही, दवाखाना नाही, बायाबापड्यांचे हाल होतात. साहेबाने लिहून घेतलं. पुढे कागद आला, त्यात छापलं होतं, की ग्रामस्थ स्थलांतरास उत्सुक आहेत. निम्मं गाव दीडशे कोसांवर नेऊन सोडलं. त्यात माझी थोरली नणंद गेली, तिचं तोंड मला परत दिसलं नाही. तेव्हापासून मोरखोलचा एक कायदा आहे. सरकारला अडचण सांगितली, की सरकार अडचण काढत नाही, आपल्याला काढतं. कुणी खाकी पिशवीवाला आला, की म्हातारं माणूसही ताठ बसून सांगतं, सगळं बरं आहे.

मीही तेच सांगत राहिले. एकेचाळीस तोंडांनी, दीडशे शनिवार.

"आजी," शर्वरीबाईंनी आवाज खाली आणला, "एक मार्ग आहे. येत्या शनिवारी फोन येतील. तुम्ही नेहमीसारख्या सगळ्यांच्या वतीने बोला. हरकत आहे म्हणा. चौदा काय, एकेचाळीस होतील. लाँच वाचेल. मी इथे काही बघितलं नाही."

"आन् खरं सांगितलं तर?"

"तर ही सगळी प्रतिरूपं रद्द होतील. नवी शिकायला तीन वर्षं. तोपर्यंत तुमची हरकतच धरता येणार नाही आणि लाँच महिनाअखेर थांबेल."

हे बोलताना त्यांची बोटं कपाच्या काठावर फिरत होती. मी त्या बोटांकडे बघत होते.

"बाई, अशी सुपं किती गावांत असतील?"

त्यांनी तो पडदा पिशवीत सारला.

"चार हजार सेवा बंद करताय. त्यातल्या किती गावांनी खरंच हो म्हटलंय आन् किती गावांत एखादी म्हातारी हाय?"

"आजी, हे कागदावर येऊ देऊ नका. एवढंच सांगते."

म्हणून मी हे कागदावर लिहिलं आहे.

*

सुंद्रा आतल्या खोलीत पडली होती. दार उघडं होतं. लाँच शर्वरीबाईंना घेऊन गेली तेव्हा ती बाहेर येऊन खांबाला टेकली.

"ऐकलंस नव्हं?" मी म्हणाले. "शनवारी एकेचाळीस हरकती घालते. तुजं धुणं थांबत न्हाई."

"माज्या फोनात तू काय काय सांगितलंस गं, तीन वरसं?"

"सगळ्यांच्या सांगितलं तेच."

"दवाखाना लांब पडतो का, असं इचारलं हुतं. तू छे म्हणालीस." तिने हात पुढे केला. सुयांनी तो निळाकाळा झालेला होता. "हा हात घिऊन मी सव्वा तास लाँचमदी वकत येते. तू माज्या शेजारी बसल्याली असतीस. आन् तू छे म्हणालीस."

"आगं, सरकारला सांगायचं असतंय का ते? सासऱ्यांचं काय झालं, ठाव हाय नव्हं?"

"सासऱ्यांचं मला सांगू नगंस. मी इचारते ते सांग. तू मला कवा इचारलंस का, सुंद्रे, काय सांगू म्हणून?"

मी सुपातला टिकलीचा फोन उचलून परत ठेवला.

"मग त्या सरकारनं काय येगळं केलं?" ती म्हणाली. "त्यांनी तुला न इचारता तुजं सांगितलं. तू मला न इचारता माजं. त्यांच्याकडं यंत्र तरी हाय."

आम्ही दोघी एका घरात पंचावन्न वर्षं आहोत. दोघींचे नवरे गेले तेव्हा एकमेकींच्या बांगड्या आम्हीच उतरवल्या. भांडणं रोज झाली, पण त्या दिवशी तिने वेगळी चूल मांडली. परसात तीन दगड ठेवले आणि स्वतःपुरता भात शिजवला. मंगळवारी दवाखान्यात जाताना लाँचमध्ये ती धोंडिबाच्या बाजूला बसली.

*

बुधवारी सकाळी मी पोराची जुनी वही घेतली आणि घरोघर निघाले. फोन घेऊन जाण्यात अर्थ नव्हता. रेंज माझ्याच ओसरीवर. म्हणून ठरवलं, की प्रत्येकाला विचारायचं, तो जे म्हणेल ते त्याच्या शब्दांत लिहायचं आणि शनिवारी तेच वाचायचं. आपल्या मनाचं एक अक्षर घालायचं नाही.

प्रश्न दोन होते. लाँच बंद करायला सहमती आहे का? आणि इथे राहण्यात अडचण आहे का? यात मेख होती, ती मी कागद पाचव्यांदा वाचला तेव्हा सापडली. अडचण नाही म्हणणाऱ्याची हरकत मोजणार नव्हते. अडचण आहे म्हणणाऱ्याचं अख्खं घर खोल्यांच्या यादीत जाणार होतं. लाँच हवी असेल, तर घराचं नाव त्यांच्या वहीत लिहून द्या. सापळ्यात भाकर लावतात, तसं.

हे मी प्रत्येकाला आधी सांगितलं आणि मग विचारलं.

पारूबाई म्हणाली, "लिव, मला भ्या वाटतं. लाँचचंबी, खोलीचंबी."

"यातलं कुठलं लिवू?"

"दोन्ही. मी दोन्हीला भिते."

मी दोन्ही लिहिलं.

धोंडिबा बराच वेळ दोरीचा पीळ उलगडत बसला. लाँच म्हणजे त्याची भाकरी. म्हणाला, "वैनी, माजी हरकत न्हाई. बंद झाली तर बंद."

"आरं, तुजीच लाँच!"

"इंजिन तीन वरसं तारंनं बांधून चालवतोय. भर पाण्यात थांबलं तर तुमा सगळ्यांना मी काय सांगू? कुणी इचारलं न्हाई म्हणून बोललो न्हाई."

मी तेही लिहिलं. त्याच लाँचमध्ये मी सुंद्राला आठवड्यातून चार वेळा बसवत होते.

बजाबाकडे शेवटी गेले. मी उंबऱ्यावर थांबले. तो म्हणाला, "या, संशयी बाई, बसा."

"चुकले, बजाबा."

"लिवून देता का?"

"सांग, काय म्हणतोस ते लिवते."

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, झटकली नाही. "लिव. पोरानं बांधल्याली खोली मी बगितलीया. हात पसरला तर दोन्ही भिंती लागत्यात. मी हितनं जाणार न्हाई. पर गेल्या पावसात पडलो तवा तीन दिस कुणी दाक्तर आला न्हाई. अडचण हाय. लाँच पायजे. आन् मला यादीत घालू नका."

"असं चालत न्हाई म्हंत्यात."

"चालत न्हाई तर न्हाई. मी म्हटलंय ते लिव."

गुरुवारी संध्याकाळी वही भरली. एकोणचाळीस माणसं. तीन वर्षं मी ज्यांच्या तोंडून बोलत होते, त्यांतल्या एकाचंही उत्तर मला आधी ओळखता आलं नव्हतं.

सुंद्राला विचारायला गेले तेव्हा ती परसातल्या चुलीपाशी होती. म्हणाली, "शनवारी सांगीन."

*

शनिवारी दुपारी सूप वाजायला लागलं. मी वही मांडीवर घेतली, चष्मा लावला आणि एकेक फोन उचलत गेले. या वेळी माणसं निघून गेली नव्हती. सगळी अंगणात बसली होती, ज्याचा त्याचा फोन आला की मान वर करून ऐकत होती. मी वाचत होते. माझ्याच आवाजात पारूबाई भीत होती, धोंडिबा इंजिनाचं सांगत होता, बजाबा दोन्ही गोष्टी एकदम मागत होता. फोनमधली बाई मधूनमधून अडखळायची. "आपलं उत्तर आधीच्या उत्तरांशी जुळत नाही. पुन्हा सांगाल का?" मी पुन्हा वाचायची. शेवटी ती म्हणायची, "आवाज जुळला. नोंद झाली."

हरकती अठरा झाल्या. हव्या होत्या चौदा. सुनावणी होईपर्यंत लाँच चालणार होती. अंगणात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या अठरा जणांची घरं यादीत गेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. माझं घर त्यात नव्हतं. माझं आणि सुंद्राचं उत्तर राहिलं होतं आणि आता त्याची गरजही नव्हती. मनात आलं, आपण दोघी "अडचण नाही" म्हणून टाकू. लाँच वाचली, घरही वाचेल. सुंद्राला काय कळणार आहे?

असं मनात आलं. लिहायचंच ठरवलं आहे, तर हेही लिहिते.

टिकलीचा फोन वाजला. सुंद्रा आतून आली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. पाच दिवसांनी पहिल्यांदा.

"मी सांगते तसंच सांगायचं," ती म्हणाली. "इकडचं तिकडं न्हाई."

"न्हाई."

फोन उचलला. पहिला प्रश्न झाला. सुंद्रा म्हणाली, "हरकत हाय." मी म्हणाले, "हरकत हाय."

दुसरा प्रश्न. इथे राहण्यात आपल्याला अडचण आहे का?

सुंद्राने माझ्याकडे बघितलं नाही. अंगणातल्या फणसाकडे बघत सावकाश बोलली. "हाय. मला हितं ऱ्हायचं न्हाई. लई वरसं झाली, ऱ्हायचं न्हाई. दवाखान्यासमोरची खोली पायजे. मशीनवरनं उठलं की चालत घरी जायचंय. जाऊ आली तर बरं हुईल. न्हाई आली तरी मी जाणार."

अंगणात पारूबाईने तोंडाला पदर लावला. मी फोन कानाला धरून बसले होते. फोनमधली बाई थांबली होती. यंत्राला थांबणं मोजता येतं, असं शर्वरीबाई म्हणाल्या होत्या. तिने ते मोजलंच असेल.

पंचावन्न वर्षं. भाकरी की भात, एवढंच मला तिच्याबद्दल ठाऊक होतं.

मी बोलले. एकही शब्द गाळला नाही. "हाय. मला हितं ऱ्हायचं न्हाई. लई वरसं झाली, ऱ्हायचं न्हाई." पुढचं सगळं. "न्हाई आली तरी मी जाणार," हे म्हणताना माझा आवाज फाटला.

"आवाज जुळला, सुंदराबाई," फोन म्हणाला. "नोंद झाली."

सुंद्राने फोन माझ्या हातातून घेतला, पदराने पुसला आणि कमरेला खोचला. पुन्हा सुपात ठेवला नाही.

सुपात आता एकच फोन उरला होता, माझा. तो वाजायला लागला. सुंद्राने तो उचलून माझ्या हातात दिला. मग अंगणाकडे वळून म्हणाली, "उठा गं, उठा रे समदी. तिला एकटीला बोलू द्या." आणि सगळ्यांना पुढे घालून पाण्याच्या दिशेने निघून गेली.

"नमस्कार, ठकूबाई," फोनमधली बाई म्हणाली. "इथे राहण्यात आपल्याला अडचण आहे का? गेल्या दीडशे वेळा आपण नाही म्हणाला आहात. तेच उत्तर ठेवू का?"

"थांब बाई," मी म्हणाले. "हितं अजून कुणी इचारलंच न्हाई मला. मीबी न्हाई. इचारून बगते."